राखाडी दरीचा नकाशा

लग्नाकार्यात कोणी विचारलं, तू काय करतेस, तर सुरुवातीची काही वर्षं मी खरं उत्तर द्यायचे. हिमालयात उंचावर राहणारी खुरांची रानटी जनावरं असतात, ती कुठे कुठे जगू शकतील याचे नकाशे काढते. समोरची बाई जरा थांबायची आणि विचारायची, "म्हणजे तू तिकडेच राहतेस?" नाही, इथेच, नागपुरात. "मग इथं बसून कसं समजते?" त्याचं उत्तर देईपर्यंत पंगत उठायची. पुढे मी "कॉम्प्युटरचं काम आहे" एवढंच सांगायला लागले.

आमची संस्था म्हणजे धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला. मे महिन्यात बाहेरचं डांबर चपलेला चिकटायचं, आत कूलर घरघरायचा, आणि मी पडद्यावर बघत असायचे की कोणत्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो, कुठे गवत लवकर वर येतं, आणि त्या गवतापासून कडा किती जवळ आहे. कडा महत्त्वाचा. भरल नावाचं जे जनावर आम्ही बघत होतो, ते मेंढी म्हणावं तर मेंढी नाही, बकरी म्हणावं तर बकरी नाही. दगडाच्याच रंगाचं असतं. ते चरतं मोकळ्या उतारावर, पण हिमबिबट्याची चाहूल लागली की त्याला पळायला उभा कडा लागतो. नुसतं गवत असून भागत नाही आणि नुसता कडा असूनही नाही. दोन्ही शेजारी हवेत. असे शेजार कुठे कुठे आहेत ते शोधायचं, तिथे रंग भरायचा, आणि सरकारला सांगायचं की एवढं तरी सोडा. आमचं काम ते एवढंच होतं.

या कामावर आम्ही दोघी होतो. माझी मैत्रीण काटोलची. कॉलेजात एकाच बाकावर बसलो, एकाच दिवशी या संस्थेत लागलो. तिच्या घरी संत्र्याची बाग होती आणि ऑफिसमधला प्रत्येक माणूस तिला डिसेंबर आला की "यंदा माल कसा आहे" विचारायचा. ती कंटाळून म्हणायची, "मी बागेतून पळून आली म्हणून इथं आहे ना गा, तिथलंच काहून विचारता?" तिचा हात नकाशावर असा चालायचा की बघत राहावं. रेघ किती जाड, अक्षर किती मोठं, कोणता हिरवा कोणत्या हिरव्याशेजारी नको, याबद्दल ती भांडायची. माझं गणित बरं होतं. तिला नजर होती. मी आकडे लावायचे आणि ती त्यांना डोळ्यांनी वाचता येईल असं करायची.

दोन हिवाळे आम्ही एकाच खोऱ्यावर घालवले. खोऱ्याचं नाव मी इथे लिहीत नाही. डोंगरात फिरणारी तुकडी वेगळी होती. ते लोक उन्हाळ्यात वर जायचे, कुठे कळप दिसला, कुठे लेंड्या दिसल्या त्या जागा टिपून आणायचे. त्या जागांना उंची, उतार, गवत, कडा हे सगळं जोडून कॉम्प्युटर अंदाज बांधायचा की अशाच आणखी जागा कुठे असतील. गर्द हिरवा म्हणजे जनावराला उत्तम. फिका हिरवा म्हणजे मध्यम. पिवळा म्हणजे अयोग्य.

मुख्य खोऱ्याला एक बाजूची दरी होती. तिथे जायचा पायपूल आदल्या वर्षीच्या पुरात वाहून गेला होता, म्हणून तुकडीला आत जाताच आलं नाही. कॉम्प्युटरचा अंदाज मात्र त्या दरीला गर्द हिरवा दाखवत होता. सगळ्या खोऱ्यात नव्हता इतका गर्द.

त्यावरून एक सबंध दुपार वाद झाला. आमचे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"पाहिलेलं नाही ते हिरवं कसं दाखवायचं?" सर म्हणाले.

"अंदाज म्हणून दाखवू," मी म्हटलं. "तसं खाली लिहू."

मैत्रीण मागे उभी होती. "खाली लिहिलेलं कोणी वाचत नाही," ती म्हणाली. "रंगच ध्यानात राहते. उद्या कोणी विचारलं की तिथं जनावर पाहिलं का, तं काय सांगाल? झाकून टाका. राखाडी करू, वरून तिरप्या रेघा मारू, आणि रंगांच्या सूचीत चौथी ओळ टाकू की इथं सर्वेक्षण झालेलं नाही."

सर खूश झाले. मलाही तिचं पटलं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, यापेक्षा सरळ काय असू शकतं? तिनं त्या तिरप्या रेघा स्वतः काढल्या. फार दाट नकोत, फार विरळ नकोत, म्हणून तीनदा बदलल्या. नकाशा छापून आला तेव्हा सगळ्यात देखणा भाग तोच दिसत होता.

मग प्रकल्प संपला आणि नवीन आला तो लहान होता. दोघींपैकी एकीलाच ठेवता येणार होतं. आमचं शिक्षण सारखं, अनुभव सारखा, लागल्याची तारीखही तीच. सरांनी नेमणुका बघणाऱ्या कार्यालयाला विचारलं आणि कार्यालयानं वर्णानुक्रम लावला. माझं आडनाव तिच्या आडनावाच्या आधी येतं, म्हणून मी राहिले. हे मी थट्टा म्हणून लिहीत नाही. मला ते तोंडी असंच सांगण्यात आलं आणि तिलाही. तिनं त्या दिवशी टेबलाचा खण रिकामा केला, आपला कप पिशवीत घातला आणि म्हणाली, "लग्न केलं असतं तं आडनाव बदललं असतं. चुकलंच." मी हसले, कारण ती हसत होती.

काही महिन्यांत तिला वर्धा रोडवरच्या एका खासगी कंपनीत काम लागलं. मोठे प्रकल्प काढायचे तर त्यांच्या जागेचा पर्यावरण अहवाल लागतो. तो लिहून देणारी ती कंपनी होती. "आता कूलरमधी पाणी भरा लागत नाही," तिनं फोनवर सांगितलं. "थंडीनं हात आखडून राहिले माझे." आम्ही रविवारी सकाळी भेटायचो, तर्री-पोहे खायचो, तिच्या नव्या साहेबांच्या नकला व्हायच्या. कामाचं ती फारसं बोलत नसे. मीही विचारत नसे. मला वाटायचं, तिला जुन्या ऑफिसची आठवण नको असेल.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका दिवशी टपालात जाडजूड अहवाल आला. त्या खोऱ्यात सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प येणार होता, आणि जाणकार संस्था म्हणून आमचं मत मागवलं होतं. सर बाहेरगावी होते, म्हणून तो माझ्या टेबलावर आला. मी डबा खाता खाता पानं उलटत होते. मधे कुठेतरी आमचा नकाशा होता.

आधी मला बरंच वाटलं. कोणीतरी वापरला तर खरा. मग मी नीट पाहिलं. सूचीत तीनच ओळी होत्या: उत्तम, मध्यम, अयोग्य. पिवळ्याऐवजी अयोग्यला पांढरा रंग दिला होता. आणि बाजूची ती दरी, जिथे आमची राखाडी होती, तीही पांढरी होती. रेघा नव्हत्या. चौथी ओळ नव्हती. पांढऱ्याच्या बरोबर मधोमध लाल चौकोन, म्हणजे प्रकल्पाची जागा. खाली लिहिलं होतं की उपलब्ध अभ्यासावर आधारित हा नकाशा पाहता ही जागा वन्यप्राण्यांच्या दृष्टीनं अयोग्य असल्यानं प्रकल्पासाठी योग्य आहे.

डाव्या कोपऱ्यात, खाली, उत्तर दिशेचा बाण होता. बारीक दांडीचा, टोकाला किंचित लांबट. सगळे लोक बाण वर उजवीकडे टाकतात. खाली डावीकडे टाकणारी मला एकच व्यक्ती माहीत होती.

डबा तसाच राहिला.

सर आल्यावर मी दोन्ही नकाशे त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हा आपला नकाशा नाही," ते म्हणाले.

"सर, आपलाच आहे. राखाडी पुसलीय."

"आपला असता तर खाली आपलं नाव असतं. त्यांनी 'आधारित' म्हटलंय. आधारित नकाशाची जबाबदारी काढणाऱ्याची."

"मग आपण तसं लिहून कळवू या. तो भाग अयोग्य नाही, न पाहिलेला आहे. आणि कॉम्प्युटरनं तिथे गर्द हिरवा दाखवला होता, तेही कळवू."

"ते आपण छापलं नाही."

"छापलं नाही, कारण आपण प्रामाणिक होतो."

सर थोडे चिडले. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी मला न मागता रजा दिली होती, हे मी विसरलेले नाही. पण हा सौर प्रकल्प उभारणाऱ्या उद्योगसमूहाचंच दुसरं एक काम संस्थेकडे येणार होतं, सगळ्यांचे पगार त्यावर चालणार होते, आणि हे ऑफिसात प्रत्येकाला माहीत होतं. "न छापलेल्या गोष्टीवर संस्था मत देत नाही," ते म्हणाले. "तुला व्यक्तिशः काही लिहायचं असेल तर लिही. संस्थेचं नाव घालू नको."

आई गेल्यापासून घरी मी आणि बाबा दोघंच असतो. बाबा औष्णिक वीजकेंद्रातून निवृत्त झाले. माझं लहानपण केंद्राच्या कॉलनीत गेलं. वारा फिरला की चिमणीची राख यायची, म्हणून वाळत टाकलेल्या चादरी झटकून आत घ्यायच्या, कुरडयांवर जुनी साडी पांघरायची, खिडकीची चौकट रोज पुसायची, हे आम्हाला इतकं सवयीचं होतं की नागपुरात राहायला आल्यावर आई काही दिवस रिकामीच फडकं घेऊन खिडकीपाशी जायची. त्या संध्याकाळी मी जेवले नाही म्हणून बाबांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"सूर्याची वीज होय ना?" ते म्हणाले.

"हो."

"मंग राख तं नाही उडणार."

"बाबा, प्रश्न राखेचा नाहीये."

"तुह्या आईले विचारलं असतं तं तिनं राखेचाच सांगतला असता." मग म्हणाले, "लोकायले वीज पाहिजे, वं. कुठंतरी तं लागनच ती मांडा. मले त्या बकऱ्यायचं वाईट वाटते, पण मी तुले खोटं काहून सांगू?"

मला त्यांचा राग आला. सौरऊर्जा नको असं मी कधीच म्हटलं नव्हतं. त्याच खोऱ्यात दुसरीकडे खरोखर पिवळी, ओसाड जमीन पडली होती. पण ती रस्त्यापासून लांब होती.

रविवारी मी मैत्रिणीला नेहमीच्या जागी बोलावलं. ती आली तेव्हा मी पोहे मागवले नव्हते. तिनं माझ्या हातातला कागद पाहिला आणि बसण्याआधीच तिला समजलं.

"मी राखाडीच ठेवली होती," ती म्हणाली. "पहिल्या मसुद्यात राखाडीच होती. तुले दाखवू शकते."

"मग?"

"साहेब म्हणे, ही चौथी ओळ काढ. वाचणाऱ्याचा गोंधळ होते. मी म्हटलं, सर, ते अयोग्य नाही, ते माहीत नाही असं आहे. ते म्हणे, माहीत नाही म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे जनावर नाही."

"आणि तू काढलीस."

"मी नसती काढली तं बाजूच्या टेबलवाल्यानं काढली असती. पाच मिनिटांचं काम होय ते."

"रेघा तू काढल्या होत्यास. तीनदा बदलल्या होत्यास."

तिचा चेहरा लाल झाला नाही, डोळे भरले नाहीत. उलट तो घट्ट होत गेला. "तू मले शिकवून राहिली का?" ती म्हणाली. "तुले ठेवलं, मले काढलं. आडनावावरून. तेव्हा तू म्हटलं का सरले, की हे बरोबर नाही?"

"म्हटलं असतं तर दोघींना काढलं असतं."

"तेच तं मी सांगून राहिली." ती उठली. "तुह्या बोलण्यानं जर काही होणार नव्हतं, तं माह्या बोलण्यानं काय होणार होतं? तुह्यापाशी टेबल आहे, म्हणून तुले जनावरं दिसतात. माह्या घरी बाप आजारी आहे, भावानं बाग विकायले काढली आहे. मले ते दिसते."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या रविवारांत तिनं एकदाही सांगितलं नव्हतं, नकला करत राहिली होती. मी काही म्हणायच्या आत ती स्कूटर काढून गेली. मी तिला अडवलं नाही. मला दोन्ही गोष्टी एकदम वाटत होत्या, की तिच्यावर अन्याय झाला, आणि तिनं केलं ते तरीही चूकच. त्यातली एकही दुसरीला कमी करत नव्हती.

हरकत मी मंजुरी देणाऱ्या समितीकडे व्यक्तिशः पाठवली. उत्तर आलं की प्रत्यक्ष पाहणीचा पुरावा असल्यास सादर करावा. तेव्हा मी साठवलेली रजा घेतली आणि निघाले. लोकांना नवल वाटेल, पण इतकी वर्षं त्या खोऱ्यावर काम करून मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. नकाशा काढणाऱ्यांना वर पाठवत नसत. प्रत्येक ओढा मला वरून ठाऊक होता. खालून एकही नाही.

वर पोचल्यावर पहिले काही दिवस विरळ हवेमुळे मी नुसती डोकं धरून पडून होते. ज्या घरात उतरले होते तिथली बाई माझ्या वयाची, दोन खोल्या पाहुण्यांना देणारी. मी तिच्यासाठी भिवापूरच्या मिरचीचं तिखट नेलं होतं. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवून पाणी प्यायलं आणि हसत डबा फळीवर सगळ्यात वर ठेवून दिला. मी कशाला आलेय ते सांगितल्यावर तिचं हसणं थोडं कमी झालं.

"वो जानवर?" ती म्हणाली. "वो तो हमारा मटर खा जाता है. पूरी रात कौन बैठे खेत में."

दरीवरचा पूल आता नवा झाला होता. लोखंडी, रुंद. प्रकल्पाच्या पाहणीसाठीच बांधला होता. ज्या पुलाअभावी आमची तुकडी आत गेली नव्हती, त्यावरून मी पाच मिनिटांत पलीकडे गेले. ती बाई सोबत आली, कारण एकटीला सोडायची तिची तयारी नव्हती. आम्ही दरीत वर चढत गेलो. मी दर थोड्या वेळानं बसत होते, ती थांबून वाट बघत होती, आणि कंटाळत होती.

कळप मला आधी दिसला नाही, पण तो होताच. मी बराच वेळ उतारावरच्या दगडांकडे बघत होते, आणि मग त्यातले दगड चालायला लागले. माद्या होत्या, त्यांची पिल्लं होती, वर धारेवर वाकड्या शिंगांचे नर. खाली गवत, लगेच मागे कडा. कॉम्प्युटरनं म्हटलं होतं तसंच, अगदी तिथेच. एक पिल्लू आईच्या पोटाखाली डोकं खुपसत होतं आणि आई चालत राहिली तसं मागे फरफटत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. कोणीही विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की हा आयुष्यातला मोठा क्षण असणार. पण मला फक्त संताप आला. आम्ही बरोबर होतो आणि तेच आम्ही झाकून ठेवलं होतं, कारण आम्हाला खोटं बोलायचं नव्हतं. मी फोटो काढले, जागा टिपल्या. ती बाई दगडावर बसून लोकर कातत होती.

"काम लगेगा तो मेरे को नौकरी मिलेगी," ती म्हणाली. "शीशा साफ करने का. नाम लिखवा दिया है."

"और ये लोग कहाँ जाएँगे?" मी कळपाकडे हात केला.

तिनं खांदे उडवले. "मटर के खेत में."

यात तिला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. हिवाळ्यात तिचा नवरा मजुरीला खाली जायचा आणि ती सहा-सहा महिने एकटी असायची. मी चार दिवसांची पाहुणी होते.

नागपूरला परत आल्यावर मी सगळं पाठवलं. समितीनं माझं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरवलं, व्हिडिओवर. मी बाबांच्या खोलीत, मागे साधी भिंत येईल असं बसले. पडद्यावर लहान लहान चौकोनांत माणसं होती, बऱ्याचजणांनी आपला कॅमेरा बंद ठेवला होता.

"आपण संस्थेच्या वतीनं बोलताय का?" कोणीतरी विचारलं.

"नाही. व्यक्तिशः."

"पण मूळ नकाशा संस्थेचा आहे."

"हो. तो मीच काढला आहे, माझ्या सहकारी मैत्रिणीसोबत."

"संस्थेनं या अहवालावर कोणतीही हरकत नोंदवलेली नाही."

मी फोटो दाखवले. एका गृहस्थांनी अगदी सौम्यपणे विचारलं की हे एका व्यक्तीनं एका ऋतूत केलेलं निरीक्षण आहे ना, ठरलेल्या अभ्यासकाळाच्या बाहेरचं? हो, म्हटलं. कळप तिथे कायम राहतो की येऊन-जाऊन असतो, हे यावरून सांगता येईल का? नाही, म्हटलं. मी खोटं बोलले नाही. "आपल्या कळकळीबद्दल आभार," ते म्हणाले, आणि माझा चौकोन काळा झाला.

मंजुरी आली. त्यात एक अट होती: प्रकल्पानं परिसरातल्या खुरी प्राण्यांसाठी अधिवास सुधारणेचा आराखडा करून घ्यावा, त्यासाठी योग्य जागांचा शास्त्रीय नकाशा तयार करावा. तो नकाशा करायचं काम प्रकल्पानं आमच्या संस्थेला दिलं.

सरांनी मला बोलावलं. त्यांना वाटलं होतं मला बरं वाटेल. "बघ, शेवटी तुझ्या म्हणण्याची दखल घेतलीच," ते म्हणाले. "आता हे तूच कर. दरी गेल्यावर ती जनावरं कुठे जाऊ शकतील ते दाखव."

"सर, ती कुठे जाऊ शकतील ते मी आधीच दाखवलं होतं. त्याच दरीत."

"तू नाही केलंस तर दुसरं कोणीतरी करेल, आणि वाईट करेल."

"करू द्या," मी म्हटलं.

सरांनी ते काम नव्यानं लागलेल्या एका मुलीला दिलं. तिनं वाईट केलं नाही, चांगलं केलं. मला तलावांच्या कामाला लावलं. आता मी विदर्भातल्या जुन्या तलावांच्या काठांचे नकाशे काढते, कुठे गाळ किती साचला, कुठे अतिक्रमण झालं. राजीनामा द्यावा असं खूपदा मनात आलं. घराचा हप्ता आहे, बाबांची तब्येत आहे, आणि या वयात या शिक्षणावर दुसरीकडे जिथे जागा आहे ती वर्धा रोडवर आहे.

वरची बाई अधूनमधून फोनवर फोटो पाठवायची. पहिल्यांदा तारेचं कुंपण आलं. मग कुंपणाबाहेर उभी असलेली जनावरं. एका फोटोत ती स्वतः होती, निळ्या गणवेशात, हातात लांब दांड्याचा फडका, हसत. मला तिच्यासाठी बरं वाटलं, आणि त्या फोटोत तिच्या मागे जे होतं त्याकडे मी बघितलं नाही. कळपाचं काय झालं हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, कारण त्यानंतर तिथे कोणी मोजायला गेलेलं नाही. आराखड्यात मोजणीची तरतूद आहे, पण ती प्रकल्प पूर्ण झाल्यानंतर.

मैत्रीण गेल्या दिवाळीच्या आधी सीताबर्डीत दिसली. मी बाबांसाठी स्वेटर बघत होते, ती समोरच्या दुकानातून बाहेर आली. दोघींनी एकमेकींना एकदमच पाहिलं, त्यामुळे न पाहिल्यासारखं करता आलं नाही. तिचे वडील वर्षभरापूर्वी गेले होते. मला कोणीतरी सांगितलं होतं, आणि मी भेटायला गेले नव्हते.

"बाबा कसे आहेत?" तिनं विचारलं.

"बरे आहेत. तुझी आई?"

"माह्यापाशीच आणलं तिले. बाग गेली ना."

"हो, समजलं."

"तू अजून तिथंच?"

"तिथंच. तलावांचं करते आता."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "तलाव तं जवळ आहेत. पायता येते जाऊन."

ती हे टोचून म्हणाली की सहज, मला ठरवता आलं नाही. गर्दी आम्हाला ढकलत होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, "ये कधी घरी" म्हणाली, मी "येईन" म्हटलं, आणि ती बाजूच्या गल्लीकडे वळली. ती गेल्यावर मी पुन्हा स्वेटर बघायला लागले. दुकानदारानं दोन रंग समोर ठेवले आणि विचारलं, यातला कोणता देऊ. मी म्हटलं, कोणताही द्या. मी तिला माफ केलेलं नाही. तिनंही मला केलं नसावं. आणि ज्यांना माफ करण्या-न करण्याचा प्रश्न खरं तर यायला हवा, म्हणजे ती दरी प्रकल्पासाठी निवडणारे, त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मला माहीत नाही.